दोन कार्ब्युरेटर आणि डावा कान

मुलुंडच्या त्या घरात खोली मागायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"नोकरी?"

"भांडुपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे."

"लग्न?"

"झालंय. गेल्या वैशाखात."

"कंबर?"

या तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते मला कळेना. "बरी आहे," म्हणालो. खोली मिळाली. कंबरेची चौकशी कशासाठी होती ते पहिल्याच रविवारी कळलं. मालकांची मोटार आग्रा रोडवर बंद पडली होती आणि घरातले सगळे भाडेकरू पुरुष ती ढकलायला निघाले होते. शेजारच्या खोलीत सावंत म्हणून कारखान्यातले फिटर राहत, मूळचे मालवणचे. बनियन चढवता चढवता ते मला म्हणाले, "चला. नव्या माणसान मागसून ढकलूचा. धूर थयच येता."

आमचे मालक तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. सगळं मुलुंड त्यांना तारमास्तर म्हणे. ऑफिसात त्यांच्या डाव्या कानाशी लाकडी खोक्यात बसवलेलं तारयंत्र कडकट्ट करत असे आणि उजव्या हाताने ते मजकूर उतरवून घेत. "तीस वर्षं. एक अक्षर चुकलं नाही," हे त्यांचं आत्मचरित्र. शब्द वाचवायची सवय अंगात इतकी मुरली होती की जिन्याखालच्या फळ्यावर ते आम्हाला सूचनाही तारेच्याच भाषेत लिहीत. 'नळ गळतो. बंद करणे. मालक.' समोरच्या बंगल्यातले आजोबा वारले तेव्हा भेटायला गेले. "वाईट झालं," म्हणाले. मग "वय?" घरच्यांनी एक्याऐंशी सांगितलं. "मग ठीक," म्हणून परत आले.

ही काटकसर फक्त एका विषयापुढे हात टेकायची. तो विषय म्हणजे मोटार.

तार ऑफिसातला गोरा साहेब देश सोडून जाताना ही मोटार त्यांच्या गळ्यात घालून गेला होता. लढाईच्या आधीची, हिरवी, उघडी, दोघांपुरती. तिसरा बसायचा तर त्याने टपावर बसावं आणि टप तर नव्हताच. तिचं वैशिष्ट्य असं, की तिच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर होते. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. हवा आणि पेट्रोल तिथून आत जातं. जगातल्या गरीब गाड्या एका नाकावर भागवतात, हिला दोन लागत. पुढचा कार्ब्युरेटर पुढच्या दोन सिलिंडरांना पाजणार, मागचा मागच्या दोघांना. दोघांनी अगदी सारखी हवा ओढली तर गाडी पळते. एकाने जास्त ओढली की ती थरथरते, खोकते, काळा धूर सोडते आणि शेवटी आम्हाला बोलावते.

तेव्हा दोघांना जुळवणं आलं. रविवारी सकाळी आठ वाजता, आंघोळ करून, धोतर वर खोचून मालक बॉनेट उघडत. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांनी टाकून दिलेला स्टेथोस्कोप त्यांनी मधून कापून त्याच्या दोन वेगळ्या नळ्या केल्या होत्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला घासलेटचं छोटं नरसाळं बसवलं होतं. उजव्या कानातली नळी पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, डाव्या कानातली मागच्या. इंजिन चालू करून, डोळे मिटून ते दोन्हींचा सुस्कारा ऐकत आणि दोन्ही स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत. या दोन तासांत घरात मिरच्या कुटायच्या नाहीत, रेडिओ लावायचा नाही, पोर रडलं तर त्याला मागच्या गल्लीत न्यायचं. माझी बायको आमटीला फोडणी द्यायलासुद्धा घाबरत असे. दहाच्या सुमाराला मालक डोळे उघडत आणि एकच शब्द म्हणत.

"जुळले."

मग मोटार दमेकऱ्यासारखी खोकत फाटकाबाहेर पडे आणि भांडुपच्या फाट्याशी मरे. आम्ही कंबरा सांभाळत निघायचो. दोष कधी पेट्रोलचा असे, कधी खाडीच्या हवेचा, कधी रस्त्याचा. एकदा तर स्वराज्याचाही होता. त्यांच्या कानाचा मात्र कधीच नसे.

त्या दोन कार्ब्युरेटरांवर त्यांनी आख्खं तत्त्वज्ञान उभारलं होतं. "एक ओढतोय, दुसरा बसून खातोय. घर चालेल? नाही चालणार. नवरा-बायको घ्या, भाऊ-भाऊ घ्या, सरकार घ्या. सुस्कारा सारखा पाहिजे," असं ते मला तास-तास समजावत. त्या वेळी काकू, म्हणजे त्यांची बायको, विहिरीवरून तिसरा हंडा घेऊन आमच्या मधून जात. मालक पाय आवरून त्यांना वाट देत, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

गणपतीत मैदानावर एक मोठे गवई आले होते. मागे दोन बाजूंना दोन तंबोरे. पहिला षड्ज लागतो न लागतो तोच पहिल्या रांगेत आमचे मालक उठून उभे राहिले. "डावा तंबोरा बोलत नाही." गवई मोठे समंजस. त्यांनी मागे वळून डाव्या तंबोऱ्याच्या खुंटीला नुसतं बोट लावलं, खुंटी तसूभरही फिरवली नाही, आणि मालकांकडे पाहून मान हलवली. "आता कसं!" म्हणून मालक बसले. पुढे महिनाभर मुलुंडात ते कानाचे राजे होते.

मी ड्राफ्ट्समन असलो तरी यंत्रांत रोजचा वावर. एकदा मोटार ढकलून आणल्यावर मी इंजिनातले ठिणगीचे प्लग काढून पाहिले. पुढचे दोन पांढरेफटक, मागचे दोन काजळीने काळे. म्हणजे मागचा कार्ब्युरेटर भरमसाट ओढत होता आणि पुढचा उपाशी होता. मी मालकांपाशी जाऊन सगळं नीट सांगितलं. ते "हं, हं" म्हणाले आणि पुढच्या रविवारी पहिले पाढे पंचावन्न.

सावंतांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "खंयच्या बाजून सांगितलास?"

"म्हणजे?"

"मालकांच्या डाव्या की उजव्या?"

"डाव्या."

सावंत पोट धरून हसले. "मग सांगितलासच नाय."

मालकांचा डावा कान गेला होता. अगदी दगड नव्हता झाला. नळीतून थेट आत ओतलेला आवाज थोडाफार पोचत असे, पण माणसाचं बोलणं नाही. तीस वर्षं ज्या कानाशी तारयंत्र वाजलं, तोच कान तारयंत्राने खाल्ला होता. आणि म्हणूनच मागच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू ते एवढा उघडत, की अर्ध्या बहिऱ्या कानालाही तो पुढच्याइतका ऐकू यावा. 'जुळले' ते त्यांच्या डोक्यात. इंजिनात फारकत झालेली असे.

ही गोष्ट त्या घरात मालक आणि आम्ही दोघं नवी माणसं सोडून सगळ्यांना ठाऊक होती. मग त्यांना कोणी सांगत का नव्हतं? त्याचं कारण त्या घराची एक रीत. मालकांचे नियम कडक. कोंबड्या पाळायच्या नाहीत, पाहुणा आठ दिवसांवर ठेवायचा नाही, भिंतीत खिळा मारायचा नाही. आणि तरी सावंतांकडे मागच्या अंगणात सहा कोंबड्या होत्या. रीतसर परवानगी घेऊन. परवानगी डाव्या बाजूने मागायची. ऐकू आलं नाही असं कबूल करणं तारमास्तरांच्या जिवावर येई, म्हणून ते "हं" म्हणत. पुढे तक्रार केलीच तर म्हणायचं, "मालक, तुमका इचारलंय. तुम्ही हं म्हणालात." दिलेली पोच मालक परत घेत नसत. मीही शिकलो. माझा आतेभाऊ नोकरी शोधायला म्हणून आठ दिवसांसाठी आला, तो डाव्या कानाच्या परवानगीवर सात महिने राहिला.

पण त्या कानाच्या खऱ्या मालकीण होत्या काकू. संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर दोघं बसत. काकू नेहमी त्यांच्या डावीकडे. हलक्या आवाजात त्या सारखं काहीतरी बोलत आणि मालक "हं, हं" करत. माझी नवी नवी बायको खिडकीतून ते दाखवून मला म्हणे, "बघा, या वयातसुद्धा किती बोलतात एकमेकांशी! तुम्ही नुसता पेपर वाचता." एकदा वाळत घातलेले कपडे काढायला मी झोपाळ्याच्या मागून गेलो.

"तुमच्या आईने पहिल्या दिवाळीला मला चार माणसांत काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात," काकू अगदी शांतपणे सांगत होत्या. "त्या मेल्या मोटारीच्या नाकाशी तास-तास कान लावता. माझ्या हंड्याला आयुष्यात एकदा हात लावलात? माणूस आहात की फळ्यावरची सूचना?"

"हं," मालक म्हणाले.

मी कपडे न काढताच परतलो. बायकोला काही बोललो नाही.

आता मुख्य गोष्ट. मालकांना एकच मुलगी, सुमन. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होती, हुशार, तोंडाची फटकळ, आणि सत्ताविसावं चालू होतं. त्या काळात सत्तावीस म्हणजे आयाबायांनी हळू आवाजात बोलायचं वय. तिचं लग्न का ठरत नव्हतं याच्या मुलुंडात नाना कथा होत्या. खरं कारण बॉनेटखाली होतं. सुमनला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहे व्हायच्या आधी मालक अंगणात नेत, कानात नळ्या घालत आणि विचारत, "सांगा. कोण जास्त ओढतोय?" ज्याला दोन सुस्कारे सारखे ओळखता येत नाहीत तो संसार काय करणार, हा सिद्धान्त.

बिचाऱ्या मुलांचे कान धडधाकट. दादरचा बँकेतला मुलगा म्हणाला, "मागचा." नापास. गिरगावचा एक म्हणाला, "मागचा, फारच." नापास, वर उद्धट. एका वकिलाच्या मुलाने नळ्या कानात घालताच हसून विचारलं, "कोण म्हणू?" मालक म्हणाले, "जुळलेत." तो म्हणाला, "अगदी जुळलेत!" मालक खूश. पण सुमनने आतूनच निकाल दिला, "ज्याला स्वतःचे कान नाहीत तो मला नको." अशी कोंडी. खरं बोलणारा बापाला चालेना, खोटं बोलणारा मुलीला.

आणि मग पाटकर आला. घाटकोपरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारा, काळासावळा, चष्मेवाला. शाळांच्या स्पर्धेत सुमनची त्याच्याशी ओळख झाली होती आणि या खेपेला तिनेच त्याला बोलावलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मागच्या ओटीवर तिने मला, सावंतांना आणि काकूंना बसवलं. काकू वालपापडी मोडत होत्या.

"दादा, तुम्हीच सांगा," सुमन मला म्हणाली. "मी त्याला म्हटलं, दोन्ही सारखे आहेत म्हण आणि मोकळा हो. तर म्हणतो, खोटं बोलून लग्न करू? असला आहे तो. म्हणून तर मला हवाय ना! पण उद्या तो खरं बोलणार आणि बाबा त्याला घालवणार. हा गेला तर मी परत कोणासमोर पोहे घेऊन जाणार नाही. लिहून ठेवा."

"मग काकांना आजच सांगून टाकू की कान गेलाय," मी म्हणालो. बोललो खरा, आणि लगेच आतेभाऊ डोळ्यांपुढे आला.

"कोण सांगतलो?" सावंत म्हणाले. "माझ्यान नाय होवचा. माझ्या कोंबयांचा काय?"

"सावंतकाका, तुमच्या कोंबड्यांसाठी मी अशीच राहू?"

सावंत जमिनीकडे बघत बसले. मीही. सुमनने आईकडे पाहिलं. काकूंनी एक शेंग मोडली, दुसरी मोडली.

"खरं तर मीच सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "पण ते निवृत्त झाल्यापासून मी त्या कानात काय काय ओतलंय ते तुम्हाला माहीत नाही. तो कान गेलाय हे त्यांना कळलं की ते दुसरा कान पुढे करतील. मग मी बोलू कुठे?"

सुमन उठून आत गेली. एका मुलीचं आयुष्य आणि सहा कोंबड्या तराजूत घालून आम्ही मोठी माणसं गप्प बसलो होतो. त्या दुपारची मला आजही लाज वाटते.

रविवारी पाटकर मामांना घेऊन आला. या खेपेला पोहे आधी झाले. म्हणजे सुमननेच ते मुद्दाम आधी आणले, निदान खाऊन तरी जाईल म्हणून. सगळे बशा हातात घेऊन अंगणात उभे. इंजिन थरथरत होतं. पाटकरने नळ्या कानात घातल्या, डोळे मिटले आणि चांगला दोन मिनिटं ऐकत राहिला.

"मागचा जास्त ओढतोय, काका."

"परत ऐका."

"ऐकलं. मागचाच. बराच जास्त."

मालकांनी नळ्या काढून घेतल्या. "तीस वर्षं. एक अक्षर चुकलं नाही. पोहे संपवा. नमस्कार."

दारात सुमन उभी होती. मामा बशी कुठे ठेवावी ते शोधू लागले. पाटकर मात्र हलला नाही.

"जातो, काका," तो म्हणाला. "पण एक विचारू? वाण्याचा तराजू खोटा वाटला तर आपण काय करतो? पारडी बदलून वजन करतो. तसं नळ्या बदलून एकदा ऐका ना. उजव्या कानातली मागच्याला लावा, डाव्यातली पुढच्याला. तुमचं बरोबर असेल तर काहीच फरक पडणार नाही."

त्याला काही ठाऊक नव्हतं. सुमनने अभिमानापोटी त्याला कानाबद्दल सांगितलंच नव्हतं. वर्गात मुलांना सांगावं तसं तो सांगत होता.

मालकांनी नळ्या बदलल्या. डोळे मिटले. उघडले. परत पहिल्यासारख्या केल्या, परत बदलल्या. असं तीनदा. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि उजव्या कानाशी धरलं. तिथून डाव्या कानाशी. डाव्या कानाशी ते फार वेळ धरून उभे होते. मग वाकून त्यांनी इंजिन बंद केलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे बशीतल्या पोह्यांकडे बघू लागलो.

"सगळ्यांना माहीत?"

सावंतांची एक कोंबडी नेमकी तेव्हाच पायांतून पळत गेली. मालक तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग खिडकीतल्या माझ्या आतेभावाकडे, आणि सगळ्यात शेवटी काकूंकडे. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"हं," मालक म्हणाले. इतक्या वर्षांत ऐकून म्हटलेला हा पहिलाच हं असावा. मला वाटलं आता ते आत जातील आणि दार लावून घेतील. त्यांनी पाटकरकडे वळून स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

"बरोबर. धरा."

पाटकरने बशी मामांच्या हातात दिली. एकच नळी, एकच उजवा कान, एकदा पुढच्याला, एकदा मागच्याला. मालक ऐकत, पाटकर स्क्रू फिरवे. मग पाटकर ऐके, मालक फिरवत. अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज असा बदलला की समोरच्या आंब्यावरचा कावळा ऐकू येऊ लागला. मालकांनी पाटकरला शेजारी बसवलं आणि मोटार फाटकाबाहेर काढली. आम्ही सवयीने बाह्या सरसावून फाटकाशी उभे राहिलो. ती भांडुपला नाहीच गेली, ठाण्याला गेली आणि तासाभराने आपल्या पायांनी परत आली. मालक उतरले, सुमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पसंत." तिला रडू आवरेना.

सोमवारी जिन्याखाली सूचना लागली. 'यापुढे विनंती उजवीकडून करणे. मालक.' कोंबड्या बुधवारपर्यंत सावंतांच्या मेव्हण्याकडे गेल्या. आतेभावाला त्याच आठवड्यात नोकरी लागली. सात महिने जी मिळत नव्हती ती पाच दिवसांत मिळाली.

मार्गशीर्षात लग्न झालं, वरात मोटारीतूनच निघाली. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर अगदी सुनं होतं. मालक येऊन झोपाळ्यावर बसले, पण डावीकडच्या टोकाला, काकूंच्या जागेवर. कानाचं उघड झालं त्या रविवारपासून काकू झोपाळ्याकडे फिरकल्याच नव्हत्या. त्या दिवा लावायला बाहेर आल्या, त्यांना दिसलं की उरली आहे ती उजव्या कानाकडची जागा, आणि त्या दारातच थांबल्या.

"बस," मालक म्हणाले.

काकू बसल्या. कड्या कुरकुरल्या. मी आणि माझी बायको खिडकीशी होतो, खोटं कशाला बोलू.

"एवढी वर्षं. रोज. काय सांगत होतीस?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. समोर चांगला ऐकणारा कान होता आणि त्या कानात कसं बोलायचं याची त्यांना सवयच नव्हती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "चहा ठेवू का, विचारत होते."

"रोज तासभर?"

"हो."

मालकांनी त्यावर बराच विचार केला. काकू उठायला लागल्या तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"तू बस. मी ठेवतो."

ते आत गेले. भांडी पडल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा आला. काकू झोपाळ्यावर ताठ बसून होत्या, परक्याच्या घरी बसल्यासारख्या.

"साखर?" आतून तार आली.

"फडताळात, वरच्या कप्प्यात, डावीकडे!" काकू ओरडल्या. खिडकीला कान न लावता आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.